सहीचा हात आणि नोंदीचा हात

२१ सप्टेंबर २०२५ हा सर्वपित्री अमावास्येचा रविवार होता. नाशिकच्या भांडी बाजारातल्या ज्या दुकानाचे हिशेब मी जानेवारी २०१९ पासून पाहते, त्या दुकानाचे शटर अर्धे खाली ओढलेले होते आणि आत आम्ही तिघे, म्हणजे दुकानाचे शेठ, त्यांच्याकडे नोकरीला असलेली चोवीस वर्षांची मुलगी आणि मी, संगणकासमोर बसून एकेका वस्तूचा जीएसटीचा दर बदलत होतो. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून नवे दर लागू होणार होते. तांब्या-पितळेची, स्टीलची आणि ॲल्युमिनियमची घरगुती भांडी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येत होती. दुकानातले मिक्सर मात्र १८ टक्क्यांवरच राहणार होते आणि कारागिरांसाठी घेतला जाणारा तांब्याचा पत्राही १८ टक्क्यांवरच राहणार होता. त्यामुळे सगळ्या वस्तू निवडून एकाच फटक्यात दर बदलण्याची सोय नव्हती. पूजेच्या गडूपासून पाणी तापवण्याच्या बंबापर्यंत प्रत्येक वस्तूपुढे थांबून ती कोणत्या शीर्षकाखाली येते हे पाहायचे आणि मग दर लिहायचा, असे ते काम होते.

पहिल्या दहा-बारा वस्तू त्या मुलीने केल्या आणि मग तिचा हात थांबला. जुन्या दरावर नवा दर लिहिला तर मागच्या तारखेचे बिल पुन्हा उघडल्यावर त्यातला कर बदलेल का, असे तिने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत दरासोबत तो कोणत्या तारखेपासून लागू आहे ते लिहिता येते, आणि ती तारीख न लिहिता जुना दर पुसला तर मागच्या व्यवहारांचा हिशेब बिघडतो. आम्ही केलेल्या सगळ्या वस्तू पुन्हा उघडून तारखेसह दुरुस्त केल्या. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, की गेल्या आठवड्यात विकलेला डबा एखाद्या गिऱ्हाइकाने पुढच्या आठवड्यात परत आणला, तर कर कोणत्या दराने परत द्यायचा? परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे त्याचे पैसे परत केल्याचा कागद, मूळ बिलाशी जोडलेली असते, म्हणून तिथे १२ टक्केच लागतात, हे मी तिला सांगितले, कारण आदल्या आठवड्यात मी तेच वाचत बसले होते. रात्री साडेनऊला आम्ही उठलो. सकाळी दहा वाजता पहिले बिल निघाले, तांब्याच्या कलशाचे, आणि त्यावर केंद्राचे अडीच अधिक राज्याचे अडीच टक्के असे दोन आकडे बरोबर उमटले. मी पासष्ट वर्षांची आहे, आणि ते बिल हातात घेताना मला जो आनंद झाला तो माझ्या पहिल्या पगाराच्या आनंदाहून कमी नव्हता.

हा आनंद मला फुकट मिळालेला नाही. मी १९८१ साली बी.वाय.के. महाविद्यालयातून वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि पुढच्याच वर्षी सातपूरच्या एका कारखान्यात हिशेब विभागात कारकून म्हणून लागले. तेव्हा रोजकीर्द आणि खतावणी हाताने लिहीत असत, आणि महिनाअखेरीस तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा-नावे बाकींचा तक्ता, जुळेपर्यंत कोणी घरी जात नसे. मुंबई विक्रीकर कायदा १९५९ चा होता; तो जाऊन १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कर आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. हे सगळे बदल मी नोकरीत असताना पाहिले आणि प्रत्येक वेळी आपण ते पेलले असे मला वाटत होते. ३१ मे २०१८ रोजी, अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, मी हिशेब विभागाची प्रमुख म्हणून निवृत्त झाले.

काम पुढे चालू ठेवण्याचे पहिले कारण पैशाचे होते आणि ते सांगण्यात मला संकोच वाटत नाही. खासगी कारखान्यातल्या माणसाचे निवृत्तिवेतन १९९५ च्या योजनेनुसार ठरते. वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणायचे आणि सत्तरने भागायचे असा त्याचा हिशेब आहे. पण ते वेतन म्हणजे हातात येणारा पगार नव्हे. त्याला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा सप्टेंबर २०१४ पासून महिना १५,००० रुपये आहे, त्याआधी ती ६,५०० होती. पूर्ण पस्तीस वर्षे १५,००० धरले तरी महिन्याला ७,५०० रुपयेच होतात. माझे तर तीन हजारांच्या आतच आले. छत्तीस वर्षे इतरांच्या निवृत्तीची कागदपत्रे भरणाऱ्या मला हा आकडा आधीच ठाऊक असायला हवा होता, आणि तो ठाऊक होताही. पण स्वतःच्या पासबुकात पाहिल्यावर त्याचा अर्थ वेगळाच लागला.

दुसरे कारण असे की मला हे काम आवडते. त्यापलीकडे त्याला काही स्पष्टीकरण नाही.

भांडी बाजारातले हे दुकान ओळखीतून मिळाले. २ ऑगस्ट २०१६ च्या महापुरात गोदावरीचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरले, तेव्हा या दुकानाच्या खालच्या कप्प्यांतल्या सगळ्या वह्या भिजल्या. शेठनी त्या गच्चीवर पसरून वाळवल्या, पण शाई उतरली ती उतरलीच, आणि त्यानंतर त्यांनी संगणक घेतला. त्यांना नवे जीएसटीचे काम समजणारे अनुभवी माणूस हवे होते. माझ्याकडे छत्तीस वर्षांचा अनुभव होता. पहिल्या दिवशी त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला, जीएसटीच्या पोर्टलवरचे नाव आणि परवलीचा शब्द लिहिलेला कागद दिला आणि म्हणाले, "मॅडम, वीस तारखेच्या आत रिटर्न भरून टाका."

मी पोर्टल उघडले आणि मला पुढे जाता येईना.

विवरणपत्र म्हणजे काय हे मला माहीत होते. त्यातल्या प्रत्येक रकान्याचा अर्थ मी सांगू शकले असते. जीएसटीवरच्या प्रशिक्षणाला मी दोन दिवस पहिल्या रांगेत बसले होते. पण ते विवरणपत्र स्वतःच्या हाताने मी एकदाही भरलेले नव्हते. कारखान्यात ते माझा सहायक भरत असे, त्याची छापील प्रत माझ्या टेबलावर येई, मी वरची बेरीज तपासून सही करत असे आणि कागद पुढे जाई. त्या संध्याकाळी घरी परतताना मी मागे मोजत गेले. मूल्यवर्धित कराचे शेवटचे विवरणपत्र मी स्वतः कधी भरले होते? बँकेचा ताळमेळ शेवटचा स्वतः कधी घातला होता? उत्तर साधारण २००६ पर्यंत गेले, म्हणजे मी विभागप्रमुख झाले त्या वर्षापर्यंत. माझे कसब निवृत्तीनंतर जुने झालेले नव्हते. ते निवृत्तीच्या बारा वर्षे आधीच थांबले होते, आणि बढती, केबिन आणि हाताखालची माणसे यांच्यामुळे ते मला कळले नव्हते.

साठीनंतर काम करणाऱ्या किंवा करू इच्छिणाऱ्या माझ्या वयाच्या अनेक मंडळींशी मी बोलते, आणि मला वाटते की आमच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत हेच घडलेले आहे. आपण वयाला दोष देतो, डोळ्यांना, स्मरणशक्तीला, संगणकाला दोष देतो. पण खरा खंड पन्नाशीच्या आसपास पडतो, जेव्हा आपला नोंद करणारा हात सही करणारा हात होतो. जे आज पन्नाशीत आहेत आणि ज्यांना पुढे काम करायचे आहे, त्यांनी एवढेच करावे, की आपल्या विभागातले निदान एक काम दर महिन्याला स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत करावे. हाताखालच्या माणसाला ते विचित्र वाटेल, तर वाटू द्यावे.

शिकायला मला दीड वर्ष लागले आणि त्यात एक चूक महागात पडली. २०१९ च्या मार्च महिन्यात कराचा भरणा करताना मी केंद्राच्या आणि राज्याच्या कराचे प्रत्येकी ९,२०० रुपये त्या दोन रकान्यांत न टाकता सगळे १८,४०० एकत्रित कराच्या, म्हणजे आयजीएसटीच्या रकान्यात टाकले. आज एका शीर्षातली रोख रक्कम दुसऱ्या शीर्षात वळवण्याचा अर्ज पोर्टलवर आहे. तो एप्रिल २०२० मध्ये आला. तेव्हा तो नव्हता. त्या महिन्यात शेठना तेवढीच रक्कम पुन्हा भरावी लागली आणि आधीची परत मिळवण्यासाठी निराळा अर्ज करावा लागला. शेठ मला एका शब्दानेही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी प्रत्येक चलन आधी कागदावर लिहिते, ते दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवते आणि मगच पडद्यावर भरते. ही सवय मी अजून मोडलेली नाही आणि मोडणारही नाही.

दुकानातली ती मुलगी २०२३ साली आली. मखमलाबादहून येते, वाणिज्य पदवीधर आहे, आणि पहिले काही महिने मला मॅडम म्हणत असे. आता काकू म्हणते. खरेदीची बिले आणि पोर्टलवर महिन्याला तयार होणारे जमा-कराचे, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराचे, विवरण यांचा ताळमेळ मी तेव्हा दोन छापील याद्या शेजारी ठेवून, पट्टी सरकवत घालत असे. त्याला पूर्ण दोन दिवस लागत. तिने ते एक्सेलमध्ये दोन याद्या जुळवणारे व्हीलुकअपचे सूत्र घालून पाच मिनिटांत केले आणि माझ्याकडे असे पाहिले की मला तिचे कौतुक वाटले आणि स्वतःचा संथपणा एकदम जाणवला. मी ते सूत्र तिच्याकडून शिकले, वहीत लिहून घेतले, आणि घरी बनावट आकडे घेऊन पंचवीस-तीस वेळा केले.

पण एका महिन्यात त्या सूत्राने एकाच पुरवठादाराची सतरा बिले पोर्टलवर नाहीत असे दाखवले. ती लगेच फोन उचलून पुरवठादाराला विचारणार होती. मी तिला थांबवले, कारण त्या माणसाने पूर्वी कधी एकही बिल चुकवलेले नव्हते, आणि एकदम सतरा चुकवेल हे मला पटेना. आम्ही दोन्ही याद्यांतला एकच बिल क्रमांक मोठा करून पाहिला. आमच्या यादीत त्या क्रमांकाच्या शेवटी एक रिकामी जागा टंकली गेली होती, डोळ्याला न दिसणारी, आणि संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे क्रमांक होते. त्या रिकाम्या जागा काढून टाकणारे सूत्रही तिलाच माहीत होते. संशय कुठे घ्यायचा ते मला ठाऊक होते आणि दुरुस्ती तिला येत होती. त्या दुपारी आम्हा दोघींपैकी एकटीने कोणीच ते काम पुरे केले नसते.

त्या बदल्यात मी तिला जुन्या हिशेबनिसांच्या खुणा शिकवल्या. तेरजेत फरक आला आणि त्या फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी दोन अंक उलटसुलट लिहिले गेले असण्याची शक्यता मोठी. ७,४१० च्या जागी ४,७१० लिहिले तर २,७०० चा फरक येतो आणि त्याला नऊने भाग जातो. फरक समसंख्या असेल तर त्याचा निम्मा आकडा शोधावा, कारण जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट होतो. आता संगणकावर तेरीज आपोआप जुळते, हे खरे. पण बँकेच्या उताऱ्याशी, पुरवठादाराच्या खात्याशी, गल्ल्यातल्या रोकडीशी ताळमेळ घालताना या खुणा आजही तितक्याच उपयोगी पडतात. तिने पहिल्यांदा नवाने भाग देऊन चूक शोधली तेव्हा ती खुर्चीवरून उठून उभी राहिली होती.

नवे शिकणे म्हणजे सगळेच शिकणे, अशी एक भीती आमच्या वयात असते. माझा अनुभव वेगळा आहे. आपल्या कामात काय येणार आहे ते बहुतेक वेळा आधी कळते, आणि तेवढेच वेळेआधी शिकले तरी पुरते. ई-इनव्हॉइसचेच, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवाव्या लागणाऱ्या बिलाचेच, पाहावे. ते ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींवरच्या उलाढालीला लागू झाले, मग १०० कोटी, ५० कोटी, एप्रिल २०२२ मध्ये २० कोटी, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये १० कोटी आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. अंबडच्या एका छोट्या कारखान्याचे काम मी आठवड्यातून दोन दिवस करते. त्यांची उलाढाल सात कोटींच्या आसपास आहे. ती मर्यादा पायरी पायरीने आमच्याकडे उतरताना मला दिसत होती, म्हणून २०२३ च्या उन्हाळ्यातच मी नमुन्याची बिले करून पाहिली आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे गडबड झाली नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर त्या वर्षी त्या खर्चाची प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, हा नियम आला तेव्हाही असेच केले. प्रत्येक पुरवठादाराचे नोंदणी प्रमाणपत्र मागवून खात्याला लावायला तीन महिने गेले, पण मार्च महिना शांतपणे पार पडला.

वाचायला मी सार्वजनिक वाचनालयात जाते. १८४० सालच्या या संस्थेत बसून कराच्या अधिसूचना वाचणारी मी एकटीच असेन कदाचित, पण घरापेक्षा तिथे मन लागते. दुपारी दोनला काम संपवून सिटीलिंकच्या बसने घरी जाण्याआधी एक तास, एवढेच. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यापासून मी पडद्यासमोर सलग चार तासांहून जास्त बसत नाही आणि तसे दोन्ही ठिकाणी आधीच सांगितलेले आहे. ज्या जागा ही अट मान्य करत नाहीत तिथे निवृत्त माणसाने जाऊ नये, असे माझे मत आहे.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल मला फार तळमळीने बोलावेसे वाटते. निवृत्त माणसे स्वस्तात मिळतात, अशी समजूत बाजारात पसरली आहे आणि ती पसरवायला आम्हीच कारणीभूत आहोत. मला एका ठिकाणी सरळ विचारले गेले होते, की तुम्हाला पेन्शन तर चालूच आहे, मग निम्म्या पगारात यायला काय हरकत आहे? तिथे मी नाही म्हटले. माझे निवृत्तिवेतन हा माझ्या छत्तीस वर्षांच्या श्रमाचा भाग आहे, नव्या मालकाच्या खर्चातली सूट नव्हे. त्याहून महत्त्वाचे असे, की मी ज्या पैशात काम स्वीकारते तो त्या कामाचा बाजारभाव होतो. मी निम्म्यात बसले तर मखमलाबादहून येणाऱ्या त्या मुलीला पूर्ण पगार कोण देईल? तिला घरभाडे द्यायचे आहे, लग्न करायचे आहे, अजून पस्तीस वर्षे काढायची आहेत. म्हणून मी पूर्ण वेळेची जागा अडवत नाही, तासांवर काम करते, आणि त्या तासांचा पूर्ण मोबदला घेते. शेठनी गेल्या वर्षी माझे तास वाढवण्याचा विचार केला तेव्हा मी त्यांना सांगितले, की तेवढेच पैसे तिच्या पगारात घाला आणि दरमहा कर भरण्याचे काम पूर्णपणे तिच्याकडे द्या. त्यांनी थोडा विचार करून ते केले. तिच्या हातून चूक होईल ही त्यांची भीती होती. माझ्या हातून १८,४०० रुपयांची झाली होती, याची मी त्यांना आठवण करून दिली.

सध्या आमच्यासमोर त्याहून मोठे काम आहे. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा लागू होतो आहे. त्यात ५३६ कलमे आहेत. आधीचे वर्ष आणि आकारणी वर्ष ही जोडी, जी नव्या माणसाला समजावताना माझी अर्धी दुपार जात असे, ती जाऊन एकच 'कर वर्ष' येते आहे, आणि ते उत्तम झाले. पण त्याबरोबर कलमांचे क्रमांकही जात आहेत. पैसे देतानाच कर कापून घेण्याची जुनी कलमे, म्हणजे कंत्राटदाराचे १९४-सी, व्यावसायिक शुल्काचे १९४-जे, भाड्याचे १९४-आय, हे क्रमांक माझ्या तोंडात इतके बसलेले आहेत, की मी माणसांनाही त्यांनीच ओळखते; अंबडच्या कारखान्याचे वाहतूकदार माझ्या डोक्यात 'चौऱ्याण्णव-सी'वाले आहेत. ही सगळी कपात आता पगार सोडून ३९३ या एका कलमाच्या तक्त्यांत गोळा केलेली आहे आणि पगाराची कपात ३९२ मध्ये आहे. छत्तीस वर्षांत पाठ झालेले पुसणे हे नवे पाठ करण्याहून कठीण असते, हे मला या महिन्यात कळते आहे.

त्यासाठी मी दोनशे पानांची एक वही घातली आहे. डाव्या पानावर जुने कलम, ते कुणाला लागते आणि मर्यादा किती. उजव्या पानावर नव्या तक्त्यातली त्याची जागा. हाताने लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझ्या ध्यानात राहत नाही. दर शनिवारी दुकान उघडण्याआधी आम्ही दोघी एक तास बसतो. मी जुना क्रमांक सांगते आणि ती नवी जागा शोधते. नंतर ती नवी जागा सांगते आणि मी जुना क्रमांक न उच्चारता व्यवहाराचे नाव सांगायचे, असा नियम तिने घातला आहे. या शनिवारी भाड्याची पाने आहेत. गेल्या खेपेला कंत्राटदारांच्या पानावर मी दोनदा जुना क्रमांक बोलून गेले, आणि दोन्ही वेळा तिने वहीत पेन्सिलने छोटी फुली मारली आहे.